सालोमेआबाईंचे ओठ

सालोमेआबाई द्राबिक एका जागी दोन मिनिटं बसल्यात असं आमच्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. सूप प्यायचं तेही उभ्यानं. वाडगा खिडकीत, एक चमचा तोंडात की एक फेरी चुलीपर्यंत. खालच्या मजल्यावरचा मोची एकदा वर येऊन त्यांच्या बहिणीला, फेल्काला, विचारून गेला, "काय हो, वर घोडा बांधलाय का?" फेल्का घरी कॉर्सेटं, म्हणजे बायकांचे कंबर आवळायचे पट्टे, शिवायची. तोंडातल्या टाचण्या न काढताच तिनं उत्तर दिलं, "घोडा असता तर कधीच विकला असता. बहीण आहे."

आणि अशा बाईनं पोटासाठी धरलेलं काम काय, तर तीन-तीन तास एका लाकडी खोबणीत मान न हलवता बसायचं! वॉर्सातल्या एका नाट्यगृहात ऑपेरे व्हायचे, तिथं सालोमेआबाई प्रॉम्प्टर होत्या. रंगमंचाच्या पुढच्या कडेला ती खोबण. प्रेक्षकांना ती पालथ्या टोपलीसारखी दिसायची. आत कोण आहे, कुणी आहे का, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. गाणाऱ्यांना मात्र खोबणीत दिव्याच्या उजेडात एक चेहरा दिसायचा. प्रत्येक ओळ सुरू व्हायच्या क्षणभर आधी त्या चेहऱ्याचे ओठ पहिले दोन शब्द सांगून मोकळे व्हायचे. बावीस वर्षं हेच. सत्तर ऑपेरे बाईंना तोंडपाठ होते, सगळ्या पात्रांसकट.

एके काळी त्यांना स्वतःला गाता येत होतं. बाप वोविच गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. अठराव्या वर्षी त्या वॉर्साला आल्या, समूहगायनात मागच्या ओळीत उभ्या राहिल्या. चोविसाव्या वर्षी घटसर्प झाला. जीव राहिला, आवाज गेला. उरली ती वाळलेल्या पानांवरून चालावं तशी कुजबुज. समूहगायनाचा मास्तर भला माणूस. तो म्हणाला, "पोरी, कुजबुजीवर चालणारं एक काम आहे," आणि त्यानं त्यांना खोबणीत बसवलं. नाट्यगृहातल्याच सुताराशी त्यांचं लग्न झालं, तोही टायफसच्या साथीत गेला. मूलबाळ नाही. राहिलं ते ओठ हलवायचं काम, आणि ओठ मग घरीही थांबेनात. ट्राममध्ये समोरच्या सद्गृहस्थाला वाटायचं, बाई आपल्याला शिव्या देतेय. रांगेत उभ्या असल्या की पुढचे लोक वळून बघायचे. चर्चमध्ये पाद्रीबुवांच्या आधी अर्धा शब्द बाईंचे ओठ पुढं गेलेले असायचे. पाद्रीबुवांनी एकदा हात जोडून सांगितलं, "सालोमेआबाई, दोन ओळी मागं बसा. तुमच्याकडं पाहिलं की माझी घाई होते."

सन एकोणतीसच्या उन्हाळ्यात नाट्यगृहाचं छत दुरुस्तीला काढलं. नाट्यगृह आठ-नऊ महिने बंद राहणार होतं. बाई घरात बसल्या, म्हणजे घरात चालू लागल्या. फेल्काला वेड लागायची पाळी आली. आणि अशात एक दिवस दिग्दर्शक झेनोन क्रुक जिना चढून आले.

क्रुकसाहेब मूकपट काढायचे. त्यांनी 'मधपाळाची लेक' या ऑपेराचा मूकपट करायचं डोक्यात घेतलं होतं. हा ऑपेरा आमच्याकडं कुणाला सांगावा लागत नाही. रानात मधमाश्या पाळणारा म्हातारा, त्याची लेक, रान तोडायला निघालेला जहागीरदार, आणि पडत्या झाडाखाली सापडून म्हाताऱ्याचा गेलेला जीव. मग ती लेक मधमाश्यांचं पोळं असलेल्या पोकळ ओंडक्यापाशी जाते आणि त्यांना सांगते की तुमचा धनी वारला. धनी गेला की माश्यांना सांगायलाच लागतं, नाही तर त्याही जातात. मधमाशीबद्दल बोलतानाही आमच्याकडं 'मेली' म्हणत नाहीत, 'वारली' म्हणतात. ते गाणं लग्नात, मयताला, दारूच्या गुत्त्यात, सगळीकडं म्हटलं जायचं:

उठा गं बायांनो, धनी गेला,
लाकडी दार उघडा,
थंडीत ज्यानं गवत पांघरलं
तो मातीखाली निजला.

"अडचण अशी आहे," क्रुकसाहेब टोपी हातात फिरवत म्हणाले, "चित्रात आवाज नाही. पडद्यामागं गायक उभे करून गाऊन घेणार, पुढं वाद्यवृंद. पण बाई, शब्द न् शब्द लोकांना पाठ. नटीचे ओठ चुकले तर सगळं थिएटर हसेल. आणि आमची नायिका आहे इझा लोर्स्का."

"ती कॅबरेतली?" फेल्कानं विचारलं.

"चेहरा सोन्यासारखा आहे हो तिचा. पण डोक्यात चार ओळींवर पाचवी ठरत नाही. तुम्ही कॅमेऱ्याखाली बसायचं आणि तिला शब्द द्यायचे."

सालोमेआबाईंनी होकार द्यायच्या आधीच डोक्याला रुमाल बांधला होता.

पहिल्याच दिवशी लक्षात आलं की कुजबुजीचा इथं उपयोग नाही. कॅमेऱ्याची घरघर, दिव्यांची सणसण, सुतारांचे हातोडे. क्रुकसाहेब म्हणाले, "अहो कुजबुजता कशाला? ओरडा! इथं कुणाला ऐकू जायचंय!" बाईंना ओरडता येत नव्हतं. मग त्यांनी दुसरंच केलं. त्या कॅमेऱ्याच्या पायापाशी गुडघ्यावर बसल्या, चेहरा वर केला, आणि शब्द ओठांवर असे घडवले की आंधळ्यालाही दिसावेत. लोर्स्का आधी खुदकन हसली. मग बघू लागली. मग तिचे ओठ आपोआप तसेच हलू लागले, आरशात पाहिल्यासारखे.

"सालूबाई, तुम्ही नसलात ना तर मी बाजारातली कोंबडी आहे नुसती," ती दुपारी भाकरीवर खारवलेल्या हेरिंग माशाचा तुकडा ठेवून खाताना म्हणायची. मनानं वाईट नव्हती. पण थंडीची तिला भारी भीती, आणि चित्रण लांबत लांबत नोव्हेंबरात गेलं.

सिनेमाच्या कामात वाट पाहणं फार. सूर्याची वाट, दिव्याची वाट, घोड्याची वाट. खोबणीत बाईंना निदान काम असायचं. इथं तासन्‌तास नुसतं उभं राहायचं. बाई रानात फेऱ्या मारायच्या. झाडाच्या मुळात पाय अडकून दोनदा पडल्या. मधमाश्यांच्या गाण्याचं चित्रण ठरलं त्या दिवशी सकाळपासून ढग होते. लोर्स्का उन्हाळी झग्यात, अनवाणी, अंगावर घोंगडी घेऊन बसली होती. अडीच वाजता सूर्य पाइनच्या झाडांमधून एकदाचा आला, तोही मावळतीकडं कललेला.

"चला! वीस मिनिटं आहेत हातात!" क्रुकसाहेब ओरडले. लोर्स्कानं घोंगडी फेकली, ओंडक्यापाशी उभी राहिली. बाई गुडघ्यावर बसल्या.

"सालोमेआबाई, सावली! तुमची सावली तिच्या झग्यावर पडतेय. मागं व्हा."

बाई सरकल्या.

"अजून पडतेय! तिच्या मागच्या त्या झाडाआड जा!"

"अहो पण शब्द?"

"शब्द येतात तिला! सूर्य माझा नोकर आहे का? जा!"

बाई झाडामागं गेल्या. तिथून लोर्स्काची पाठ दिसत होती आणि गालाची एक कड. कॅमेरा घरघरू लागला. बाईंनी स्वतःशी गाणं सुरू केलं आणि तिच्या हनुवटीकडं पाहिलं. हनुवटी फार भराभर हलत होती. बाप गेलेली पोर एवढ्या घाईनं बोलत नाही. चित्रण संपलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, लोर्स्कानं धावत येऊन घोंगडी ओढली. तिच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं.

"काय म्हणालीस गं?" बाईंनी तिला गाठून विचारलं.

"गाणंच म्हटलं."

"सगळं?"

"सालूबाई, पायांना हात लावून बघा माझ्या. मेलेत. आता कशाला उलटतपासणी?"

त्या दिवसापासून बाईंच्या जिवाला घोर लागला. चित्र कापायला, जोडायला तीन महिने लागले. तेवढ्यात त्या क्रुकसाहेबांच्या कचेरीत सात वेळा जाऊन आल्या. "त्या गाण्याची चार मिनिटं मला दाखवा." साहेब म्हणायचे, "पडद्यावर बघा." घरी त्या चुलीपासून खिडकीपर्यंत हनुवटीची चाल आठवत फिरायच्या. एवढ्या लवकर काय बोलली असेल? फेल्का म्हणाली, "साल्के, ती काय पोपकडं पापाची कबुली देत होती का? काय बोलली असेल ते बोलली. कुणाला ऐकू येणार?"

फेब्रुवारीत चित्र लागलं. मोठं थिएटर, चाळीस जणांचा वाद्यवृंद. पडदा मुद्दाम पातळ कापडाचा, त्यामागं सहा गायक, आणि त्यांच्या मधोमध सालोमेआबाई. पडद्याच्या कडेला एक भोक पाडलं होतं. एका डोळ्यानं त्यातून वाद्यवृंदाच्या मास्तरची काठी पाहायची, दुसऱ्यानं पडद्यावरचे ओठ, आणि गायकांना हातानं इशारा करायचा. चित्र मागून उलटं दिसायचं. जहागीरदार डावखुरा झाला होता. लेकीचा आवाज द्यायला तेओफिला ब्राच्का होत्या. वीस वर्षांपूर्वी त्यांनीच रंगमंचावर ती लेक केली होती; आता वय झालं होतं, अंग सुटलं होतं, पण गळा अजून लोणी. नजर मात्र अधू, आणि चष्मा लावायला कमीपणा वाटायचा.

पहिल्या दिवशी सगळं सुरळीत चाललं. मग मधमाश्यांचं गाणं आलं. लोर्स्काचा चेहरा गाडीएवढा मोठा होऊन पडद्यावर आला. बाईंनी हात उचलला, तेओफिलाबाईंनी सूर लावला, आणि सालोमेआबाईंना दिसलं.

पहिली ओळ बरोबर होती. 'उठा गं बायांनो, धनी गेला.' त्यापुढं लोर्स्काचे ओठ म्हणत होते: "पायांचं लाकूड झालं! आटप की रे क्रुक, मुडद्या, कॅमेरा किती चालवशील! ओंडका रिकामा, तुझं टाळकं रिकामं! अजून? अजून? अरे देवा, माझं थडगंच खण ना इथं!" आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. पुढं प्रेक्षक हुंदके देत होते. बाईंनी तसाच हातानं इशारा चालू ठेवला.

खेळ संपल्यावर त्यांनी क्रुकसाहेबांना गर्दीतून ओढून बाजूला घेतलं. साहेबांच्या हातात फुलं होती.

"साहेब, मधमाश्यांच्या गाण्यात ती तुम्हाला शिव्या देतेय."

"कुणी ऐकल्या?"

"मी पाहिल्या."

"तुम्ही पडद्यामागं असता. तिकीट काढून कुणी पडद्यामागं बसत नाही." साहेब हसले, मग जरा खाली वाकून म्हणाले, "बाई, बाहेर बायका रडतायत बघा. त्या कशाला रडतायत? शब्दांना नाही, चेहऱ्याला. आणि चेहरा खरा होता. थंडीनं का होईना."

यात थोडं खरं होतं. ते त्यांना आणखी खुपलं.

दोन आठवडे रोज दोनदा त्यांनी ते पाहिलं. त्या वेळी डोळे मिटता यायचे नाहीत, इशारा चुकला असता. आणि मग एका शनिवारी, मॅटिनीला, सगळं थिएटर मुसमुसत असताना, डाव्या बाल्कनीतून हसण्याचा आवाज आला. एकाचा नव्हे, दहा-बारा जणांचा. हसणंही विचित्र, कुणी दाबत नव्हतं. तेओफिलाबाईंचा सूर डळमळला. मॅनेजर धावत वर गेला आणि थोड्या वेळानं गोंधळून खाली आला.

"बहिरे आहेत सगळे," तो म्हणाला. "ओरडलो तर माझ्याकडं बघून आणखी हसले."

सालोमेआबाई पायऱ्या दोन-दोन करून वर गेल्या. बाल्कनीच्या दारात मंडळी कोट घालत होती, हात भराभर हलत होते. त्यांच्यातला एक उंच, डिंकाचे डाग पडलेल्या बोटांचा माणूस त्यांच्याकडं वळला. ग्रात्स्यान मिएल्निक, पुस्तकं बांधायचा. सातव्या वर्षी मेंदूच्या तापानं कान गेले होते, त्यामुळं बोलायचा, पण आवाज सपाट, कुठं चढ ना उतार.

"तुम्ही का हसलात?" बाईंनी विचारलं.

तो दचकून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. "पुन्हा बोला," म्हणाला.

"तुम्ही का हसलात?"

"बाई, तुम्ही कोण? उभ्या वॉर्सात असं बोलणारं माणूस मला भेटलं नाही. शब्द न् शब्द दिसतो." मग त्याचा चेहरा उतरला. "हसायला नको होतं. पण ती दिग्दर्शकाला मुडद्या म्हणाली, आणि आमच्यातली रोझालिया मोठ्यांदा हसली, मग सगळेच. आम्ही तिसऱ्यांदा आलोय. लहानपणापासून ऐकतोय, म्हणजे बघतोय, लोक या ऑपेराबद्दल बोलतात. माझी आई ते गाणं म्हणायची, तेव्हा मला ऐकू यायचं. आता काही आठवत नाही. आणि इथं सगळे जण स्वच्छ बोलतात. जहागीरदार बोलतो, म्हातारा बोलतो. पहिल्यांदा आख्खा ऑपेरा कळला. आणि नेमकं ते गाणं आलं की पाय गारठले, पाय गारठले."

बाई तिथून निघाल्या त्या सरळ क्रुकसाहेबांकडं. "परत घ्या ते चित्रण."

"कुणासाठी? दहा बहिऱ्यांसाठी?"

"बारा होते."

"लोर्स्का बर्लिनला गेली. झगा भाड्याचा होता. रान तोडलं, खरंच तोडलं बरं का बाई, तिथं आता सपाट जमीन आहे. कुठून आणू?"

पुढचे तीन दिवस फेल्कानं तोंडातून टाचण्या काढून ठेवल्या, कारण बोलल्याशिवाय राहवेना. "साल्के, दगडाची चूल हलवशील अशानं! दुसऱ्याची चूक आहे, तू का झिजतेस?"

"माझीच चूक आहे. मी झाडामागं गेले."

"त्यानं जा म्हटलं म्हणून गेलीस!"

"बावीस वर्षांत खोबणीतून उठले नाही मी. एकदा उठले."

चौथ्या दिवशी बाई पत्ता शोधत ग्रात्स्यानच्या दुकानी गेल्या. डिंकाचं भांडं चुलीवर रटरटत होतं, कापलेल्या कागदांचे ढीग. नमस्कार नाही, चमत्कार नाही, बाई म्हणाल्या, "ती काय म्हणायला हवी होती ते सांगते," आणि उभ्याउभ्या, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत, गाणं ओठांवर म्हणून दाखवलं. ग्रात्स्यानची मान त्यांच्याबरोबर इकडून तिकडं फिरत होती. संपलं तेव्हा त्यानं हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला.

"गवत पांघरलं," तो शेवटी म्हणाला. "आई ते म्हणायची. मला वाटायचं ते स्वप्नात पाहिलं." मग म्हणाला, "इथं नको, बाई. तिथं. चित्राच्या वेळी, सगळ्यांना. शनिवारी आम्ही तीसेक जण येतोय."

"मी पडद्यामागं असते."

"चार मिनिटं."

त्या चार मिनिटांनी बाईंची झोप घालवली. शुक्रवारी त्या तेओफिलाबाईंकडं गेल्या. खरं ते सांगून टाकलं. "मधमाश्यांच्या गाण्याला मी नसेन. मास्तरची काठी भोकातून दिसते. ती खाली आली की सुरू करा. आणि तेवढा चष्मा लावा."

"सालोमे," तेओफिलाबाई रागानं नव्हे, थट्टेनंच म्हणाल्या, "ते गाणं मी तीनशे वेळा गायलेय. मी काय रांगतं बाळ आहे? जा कुठं जायचंय तिथं. मला तुझ्या बोटाची गरज नाही."

शनिवारी पडद्यावर जहागीरदाराचे मजूर कुऱ्हाडी घेऊन रानात शिरले तसं बाईंनी स्कर्ट उचलला आणि मागच्या जिन्यानं धावत बाल्कनीत आल्या. श्वास लागला होता. पहिल्या दोन रांगांत बहिरी मंडळी. बाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, पडद्याकडं पाठ. ग्रात्स्याननं खिशातली बॅटरी पेटवून त्यांच्या चेहऱ्यावर धरली, दोघांनी बाजूनं कोट उघडून धरले, उजेड खाली जाऊ नये म्हणून.

बाईंना खोबणीत उजेडाची सवय होती. पण तिथं समोरचा माणूस एक शब्द उचलायचा आणि नजर प्रेक्षकांकडं फिरवायचा. इथं तीस माणसं बघत होती आणि कुणाचीच नजर दुसरीकडं जात नव्हती. पाठीमागं वाद्यवृंद वाजू लागला तो त्यांना पायांतूनही जाणवला. त्यांनी सुरुवात केली.

उठा गं बायांनो, धनी गेला.

दुसऱ्या ओळीलाच त्यांना कळलं की काहीतरी बिघडलंय. तेओफिलाबाईंचा आवाज आधीच पुढं गेला होता. चष्मा लावला नव्हता. काठी दिसली नाही की दिसल्यासारखी वाटली, देव जाणे. बाईंचं अर्धं अंग जिन्याकडं ओढलं गेलं. बावीस वर्षांत गाणारा चुकला आणि त्यांनी सावरला नाही असं झालं नव्हतं. एक पाय वळलाही. तेवढ्यात रांगेतल्या रोझालियानं, ती धोब्याकडं कपडे धुवायची, हात पुढं करून बाईंची बाही घट्ट धरली. हसत नव्हती. बाई राहिल्या. ओठ चालू राहिले. गवत, माती, दार, सगळे शब्द त्यांनी सावकाश, एकेक करून ठेवले. मागं थिएटरात आवाज संपला आणि वाद्यं एकटीच वाजत राहिली, पडद्यावर लोर्स्काचे ओठ मुक्यानं हलत राहिले. कुणीतरी हेटाळणीची शिट्टी मारली. मग बऱ्याच जणांनी. बाईंनी शेवटची ओळ संपवली आणि मगच बाही सोडवून घेतली.

खाली मॅनेजर वाटच बघत होता. "उद्यापासून येऊ नका," एवढंच म्हणाला. तेओफिलाबाई खुर्चीत बसून पंख्यानं वारा घेत होत्या, गाल लाल.

"बावीस वर्षं माझ्यापुढं कुजबुजलीस," त्या म्हणाल्या, "आणि आज मला वाऱ्यावर सोडून बहिऱ्यांना गाऊन दाखवलंस?"

"चष्मा लावायचा होता," सालोमेआबाई म्हणाल्या.

"लोकांनी मला शिट्ट्या मारल्या, सालोमे. मला!"

तेव्हा बाईंचा जीव खरा कळवळला. त्या पुढं झाल्या, पण तेओफिलाबाईंनी पंखा मिटून त्यांचा हात बाजूला केला. त्या दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. रस्त्यात सालोमेआबाई दिसल्या तर तेओफिलाबाई पलीकडच्या फुटपाथवर जायच्या, आणि नजर अधू असल्यामुळं दोन-तीनदा भलत्याच बाईला पाहून पलीकडं गेल्या. हे पुढं कुणीतरी हसत सांगितलं तेव्हा सालोमेआबाई हसल्या नाहीत.

त्या दुपारी त्या विस्तुलाच्या काठाकाठानं पुलापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. नदीत बर्फाचे तुकडे वाहत होते. आपण बरं केलं की वाईट, याचा निकाल लागेना. घरी आल्यावर फेल्कानं गव्हाच्या कण्या आणि कांदा पुढं ठेवला. बाईंनी खाल्लं, उभ्यानंच.

चित्र आणखी तीन आठवडे चाललं. पुढच्या वर्षी बोलपट आले, पडद्यामागचे गायक घरी गेले, आणि त्याचं खापर फोडायला कुणालाच सालोमेआबाईंची गरज राहिली नाही. नाट्यगृहाचं छत झालं, त्यांना त्यांची खोबण परत मिळाली. आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी त्या एका दूधडेअरीच्या वरच्या खोलीत जाऊ लागल्या. तिथं बहिऱ्यांची मंडळी जमायची. बाई महिन्याला एक ऑपेरा करायच्या, सगळी पात्रं एकट्या. ग्रात्स्यान आधी पाटीवर गोष्ट लिहायचा, म्हणजे नवीन आलेले हरवू नयेत.

सुरुवातीला भांडणं फार झाली. बाईंना चालल्याशिवाय गाता येत नसे, आणि चालल्या की ओठ दिसत नसत. "हलू नका, बाई!" मागच्या रांगेतून कुणीतरी टेबलावर मूठ आपटायचं. खुर्ची दिली तर त्या खुर्चीभोवती फिरायच्या. शेवटी मंडळींनी खुर्च्या भिंतींना लावल्या आणि बाईंना मधली मोकळी जागा दिली. ज्याच्यासमोर त्या येतील त्यानं पाहायचं, पुढचं शेजाऱ्यानं पाहून हातानं सांगायचं. त्यामुळं एकच ऑपेरा खोलीच्या चार बाजूंना चार तऱ्हेचा व्हायचा, आणि चहाच्या वेळी त्यावरून वाद. बाई हातखुणा शिकल्या, पण इतक्या घाईनं करायच्या की निम्म्यांना वाटायचं बाई माश्या हाकलतायत.

एका रविवारी आंधळ्या राजाचा ऑपेरा होता. शेवटी राजकन्या विष पिते आणि मग सात मिनिटं गाते. बाईंनी ती सातही मिनिटं केली, घामाघूम होऊन थांबल्या. रोझालियानं हात वर केला आणि भराभर काहीतरी विचारलं. सगळे हसले.

"ती म्हणतेय," ग्रात्स्याननं सांगितलं, "विष प्यायल्यावर एवढं बोलायला दम कुठून येतो? तिचा नवरा गेला तेव्हा 'पाणी' एवढंही पुरतं म्हणाला नव्हता."

सालोमेआबाई विचारात पडल्या. खोबणीत बसून सत्तर ऑपेऱ्यांत त्यांनी किती जणींना मरताना शब्द पुरवले होते. हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

"लिहिणाऱ्यानं तसं लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"लिहिणाऱ्याचं कुणी मेलं नसेल," रोझालियाचे हात म्हणाले.

"मग कसं मरावं तिनं?"

यावर सगळी खोली एकदम बोलू लागली, हातांची नुसती धांदल. कुणी म्हणालं दोन ओळी, कुणी म्हणालं नुसतं नाव घ्यावं. बाईंनी चहाचा पेला खिडकीत ठेवला, खसखशीच्या केकचा तुकडा तसाच तोंडात कोंबला आणि पुन्हा मधोमध येऊन उभ्या राहिल्या. "बरं, परत मरते," त्या म्हणाल्या. "पण या वेळी या भिंतीकडून."